मोहटेकडीचा पाहुणचार

११ नोव्हेंबर १९६८

पोचले! शिवणयंत्र डोंग्यात, म्हणजे इथल्या लाकडी होडीत, चढवताना माझ्यापेक्षा डोंगा वल्हवणाऱ्या धोंडबाचाच जीव जास्त खालीवर होत होता. दादा उमरेडपर्यंत सोडायला आला. पुढे बैलगाडी, मग हा तलाव आणि तलावाच्या मधोमध मोहाच्या झाडांची ही टेकडी. चारही बाजूंनी पाणी, पाण्यावर शिंगाड्याच्या वेलींचा हिरवा गालिचा. दसरा झाला की मासेमारी करणाऱ्या धिवरांची घरं इथं राहायला येतात. संक्रांतीपर्यंत शिंगाडे तोडायचे, उकडायचे, वाळवायचे आणि मग आपापल्या गावी परतायचं. मी काम करते त्या संस्थेनं मला या बायकांना शिवण शिकवायला धाडलं आहे.

भीमाबाईंनी आपल्या झोपडीचा अर्धा भाग मला दिला. धोंडबा त्यांचा दीर. आल्याआल्या त्यांनी माझे पाय धुतले. मी संकोचून पाय मागे घेतले, तर म्हणाल्या, "टेकडीवर आलेला पाव्हना म्हंजे देव, बाई. पाय देजा."

दादा १ डिसेंबरला येणार आहे. कामठीला हातमागावर कामाला असतो, त्याला तेवढा रविवारच सुटीचा. आईच्या हातचे मुरमुऱ्याचे लाडू आण, असं बजावून ठेवलंय.

१७ नोव्हेंबर

इथं रोज कोणी ना कोणी येतं. उमरेडचे व्यापारी येतात, कोणाची माहेरची माणसं येतात, कधी नुसते तलाव बघायला आलेले लोक. प्रत्येकाला पाय धुवायला पाणी, मग चटई, मग ताट. भात, मासोळीचा रस्सा, उकडलेले शिंगाडे. जेवल्याशिवाय कोणाला परत जाऊ देत नाहीत.

दुपारी वर्ग भरतो. शिंगाडे सोलून बायकांची बोटं काळी पडलेली असतात, कापडाला डाग लागतात म्हणून त्या आधी राखेनं हात घासतात. भीमाबाईंनी आज पहिली शिलाई सरळ घातली आणि ते झबलं साऱ्या टेकडीला दाखवून आल्या. मला इथं फार बरं वाटतंय.

२३ नोव्हेंबर

सकाळी इतकं धुकं होतं की मोहाची झाडंसुद्धा दिसेनात. चूल पेटवून बाहेर आले तर चटईवर एक बाई बसलेली. डोंगा लागल्याचा आवाज मी ऐकला नव्हता. तिचं लुगडं ओलं होतं, केसांत शेवाळ अडकलेलं. भीमाबाई खाली मान घालून तिचे पाय धूत होत्या. ताट वाढलं गेलं. एरवी पाहुणा आला की गप्पांना ऊत येतो. आज कोणी बोलेना.

मला ते बरं वाटलं नाही. मी जवळ बसून विचारलं, बाई, तुम्ही कोणत्या गावच्या?

साऱ्यांचे हात जागच्या जागी थांबले. त्या बाईनं हातातला घास ताटात ठेवला. माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुला कोण कोण आहे. मी म्हटलं, आई आहे, आणि दादा. तो मला भेटायला येणार आहे.

ती न जेवताच उठली आणि पाण्याच्या दिशेनं चालत गेली. मी मागोमाग घाटावर गेले. डोंगा नव्हता. पाण्यावर तरंगही नव्हते.

२४ नोव्हेंबर

भीमाबाई संध्याकाळी एकदम म्हणाल्या, "काहून इचारलं वं तुनं?"

मग सगळं सांगितलं. या तलावानं आजवर जी माणसं घेतली, ती धुक्यात वर येतात. त्यांना गाव विचारायचं नाही, नाव घ्यायचं नाही, रडायचं नाही. फक्त जेवू घालायचं. "पोट भरलं का एकलाच जाते. उपाशी गेला का जोडीदार नेते."

मी हसायला गेले, पण हसू आलं नाही. ती बसली होती ती चटई दिवसभर उन्हात होती. अजून ओलीच आहे.

२८ नोव्हेंबर

वर्गाला कोणी येत नाही. बायका मुलांना झोपडीबाहेर सोडत नाहीत. धोंडबाला उमरेडला धाडून दादाला तार करवली, येऊ नको म्हणून. या गोष्टींवर विश्वास ठेवावा की नाही, मला कळत नाही. पण तार गेली हे ऐकल्यावर आज प्रथमच दोन घास गोड लागले.

३० नोव्हेंबर

दादा आला होता.

तार वाचून त्याला वाटलं मी आजारी आहे आणि लपवते आहे, असं काठावरचे लोक सांगतात. रजा टाकून निघाला. आज सकाळी काठावर पोचला. धोंडबा नव्हता, धुकं होतं. लोकांनी थांब म्हटलं, पण ऐकलं नाही. कोणाचा तरी डोंगा सोडून एकटाच निघाला. त्याला पोहता येत नाही.

डोंगा शिंगाड्याच्या वेलींत उपडा सापडला. लाडवांचा डबा पाण्यावर तरंगत होता. धोंडबा आणि बाकीचे दुपारपासून बुड्या मारताहेत. वेली फार दाट आहेत —

मी तार केली नसती तर —

१ डिसेंबर

सापडला नाही. आईला काय कळवू.

भीमाबाई मला जवळ घेऊन बसल्या. रडून घे, म्हणाल्या, आजच्या दिवस रडून घे. उद्या रडू नको. उद्या काय आहे, विचारलं. त्या उठून पाहुण्यांची चटई झटकू लागल्या.

२ डिसेंबर, सकाळ

धुकं.

दादा आला. चटईवर बसला आहे. मी धावले, भीमाबाईंनी मनगट धरलं, आत ओढलं, दार लावलं. "नाव घेऊ नोको, दादाबी म्हणू नोको, पोरी. नाव घेतलं का तो तुह्या घरचा झाला. पाव्हना नाही राह्यला. मंग तुलेच नेते."

कुडाच्या फटीतून दिसतोय. सदरा अंगाला चिकटलेला. बाहीतून पाणी गळतंय — गळतंच आहे, संपत नाही. भीमाबाई पाय धुताहेत.

ताट वाढलं.

जेवत नाही.

त्यांनी हात जोडले, जेवा पाव्हने, म्हणाल्या. तो ताटाकडे बघतही नाही. दाराकडे बघतोय.

बोलला. आवाज त्याचाच. "देवकी, चाल घरी. आई वाट पाहून राह्यली."

मी पदर तोंडात कोंबून —

पलीकडच्या झोपडीत धोंडबाची मुलगी रडते आहे. दादानं मान तिकडे वळवली. उपाशी गेला तर कोणाला तरी — त्या लेकराला —

भीमाबाई आत आल्या, दाराला पाठ लावून उभ्या. मला जाऊ द्या म्हटलं, नाही म्हणताहेत. मी पाया पडले. सांगितलं, तो असा जेवायचा नाही. लहानपणापासून मी शेजारी बसल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. दोन घास भरवते. नाव नाही घेणार. रडणार नाही. नुसते दोन घास —

बाजूला झाल्या. रडताहेत.

भात निवला असेल. गरम घेऊन जाते. वहीही सोबत नेते, हात लिहीत राहिला तर तोंडून नाव निघणार नाही.

त्यानं मला पाहिलं. हसला. त्याला किती थंडी वाजते आहे, ओठ पार निळे — अरे दाद