पिकअप तापण्यामागील कार्यकारणभाव

ती. मामांस,

नमस्कार. मामींना जरा जास्त वाकून, कारण तुमच्या कंबरेचं रडगाणं त्यांनाच ऐकावं लागतं. शिडीवर चढून पाट्या रंगवणं खरंच बंद केलंत, की मामींना तसं फक्त सांगितलंय? आमच्याकडे सगळे बरे आहेत, पिकअप सोडून.

ती तापते. (ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, त्यामुळे आई तिच्याबद्दल थोरल्या मुलीसारखं बोलते.) गेला महिनाभर सुतारांची कपाटं लादून मोठ्या रस्त्याला लागलं, की दहा मिनिटांत काटा लाल रेघेवर, बॉनेटमधून वाफ, आणि बाबा पाण्याची बाटली घेऊन कडेला उभे. शेवटी सुतारांनी सांगून टाकलं, की कपाटं वेळेवर पोचणार नसतील तर दुसरी गाडी बघतो. बाबांनी भंगारवाल्याला पुढच्या रविवारी यायला सांगितलं. मी म्हटलं, तेवढे दिवस द्या, कारण शोधते. बाबा म्हणाले, "शोध. शिकलीस कशाला मग?" आता माझा विषय तत्त्वज्ञान, पण घरात पहिल्यांदाच कोणी पदवी आणल्यावर ती कसली आणली हे कोण विचारतं?

मी तपासाची वही उघडली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असा नियम केला. रेडिएटर धुतला, त्याचं झाकण बदललं, फॅनचा पट्टा बदलला, थर्मोस्टॅट पातेल्यात उकळून तपासला (ते पातेलं आईने अजून स्वयंपाकघरात घेतलेलं नाही). मदतीला आपले मेकॅनिक होते. स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाला लावतात म्हणून सगळे त्यांना कानमास्तर म्हणतात. पण यावेळी ते इंजिनापेक्षा माझ्या तोंडाकडेच जास्त बघत होते. अंगणात बॉनेट उघडं टाकून गाडी तासभर चालू ठेवली, तर काटा हलेना. आई म्हणाली, "तुला घाबरते ती. समोर कोणी वही घेऊन बसलं तर मीही गप्पच राहीन."

पाचव्या दिवशी कानमास्तरांना राहवलं नाही. बाबा जवळपास नाहीत असं बघून हळूच म्हणाले, "ताई, एखाद्याच्या नाकावर उशी दाबायची आणि छाती तपासत बसायचं, असं चाललंय आपलं." आणि समोरच्या जाळीकडे बोट केलं.

मामा, त्या जाळीवर तुम्ही माझ्या निकालानंतर रंगवून दिलेली पत्र्याची पाटी आहे. 'या घरची मुलगी पदवीधर', पिवळ्यावर लाल, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रेडिएटरला वारा लागायचा तो तिथूनच. आणि तपास सुरू करण्याआधी रोज सकाळी मी ती स्वतः पुसत होते.

कानमास्तरांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं; पण बाबांनी त्यांना बजावलं होतं, गाडीत कशालाही हात लाव, पाटीला नाही. मला तेवढीही सबब नाही. पाटी लागली आणि आठवड्यात गाडी तापू लागली, हे मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. मग खोडलं. एकामागून दुसरं घडलं म्हणजे पहिल्यामुळेच घडलं असं मानू नये, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात.

बाबांना सांगू कसं? त्यांची शाळा चौथीत सुटली. गाडी सुरू करण्याआधी ते रोज समोर उभे राहून ती पाटी वाचतात, अक्षरांवरून बोट फिरवत. तुमच्या कौतुकानेच गाडी गुदमरतेय, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

तुमची भाची

ता. क. : खरं काम आता सांगते. शनिवारपर्यंत या, रंगाचा दुसरा हात द्यायचा राहिलाय असं बाबांना सांगा आणि पाटी घेऊन जा. परत आणायची घाई करू नका.

ता. क. २ : पत्र टाकायला बाबांकडे दिलं, पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. त्यांनी ते फाटकातच उभं राहून सावकाश वाचून काढलं. पाना घेतला, पाटी काढली आणि मला शेजारी बसवून मोठ्या रस्त्यावर पाऊण तास गाडी पळवली. काटा मध्यावर. मग भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं, सुतारांना उद्या येतो म्हणून. मी डोळे पुसतेय तोवर पाटी मागच्या फाळक्यावर बसवूनही झाली. म्हणतात, समोरचा क्षणभर बघतो, मागचा आपल्याला ओलांडेपर्यंत निवांत वाचतो. फाळका पाटीच्या तिप्पट रुंद आहे. उरलेल्या जागेत माझ्याबद्दल आणखी काय काय लिहायचं, हे आई आणि ते मिळून ठरवताहेत. तुम्हाला शनिवारी यायलाच हवं, असा बाबांचा निरोप आहे. या जरूर, पण ब्रश घरी विसरून या.