चादरीचं दुसरं टोक

४ तारीख, सोमवार

चि. शेपटास,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी ऐक. तुमच्या खात्याने धुलाईघराच्या दारात माणसं मोजायला घेतली आणि त्यापायी माझ्या जाऊबाईचं मनगट मोडलं.

इतकी वर्षं आम्ही पैसे हौदाचे द्यायचो. हौद एकदा घेतला की त्यावर एक बाई असो की दोन, कोणी विचारत नव्हतं. आता खिडकीतला माणूस डोकी मोजतो. दरडोई दर आहे, म्हणतो. दोघी आत गेलो की दुप्पट. लॉजवाला आणि दवाखाना चादरीमागे देतात ते आहे तेवढंच, मग दुप्पट आणायचे कुठून? म्हणून एक दिवस मी आत, एक दिवस ती. सगळ्याच जोड्यांनी तेच केलं.

आता दवाखान्याची मोठी चादर एकटीने पिळायची कशी, ते सांग. जाऊबाईने एक टोक नळाला बांधलं आणि दुसरं हातात धरून पीळ घातला. नळ उपटून आला आणि ती ओल्या फरशीवर मागच्या मागे पडली. मी बाहेर कट्ट्यावर बसले होते. आवाज ऐकून धावले, तर खिडकीवाल्याने आधी तिकीट मागितलं. त्याला मी काय बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. वर नळ तोडला म्हणून तिच्याच नावावर दंड.

तू दर ठरवणाऱ्या खात्यात बसतोस. हा दर कोणी ठरवला ते मला कळव. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून कचेरीच्या पत्त्यावर लिहिते आहे.

आता घे आशीर्वाद. लोभ जुनाच आहे, राग तेवढा नवा.

अक्का


७ तारीख, गुरुवार

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. जाऊबाईंच्या हाताचं वाचून फार वाईट वाटलं. सोबत एक चांगलं मलम पाठवतो आहे, दिवसातून दोनदा लावायला सांग.

दराचं म्हणशील, तर हे एकट्या धुलाईघरापुरतं नाही. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, वाचनालय, सगळीकडे एकच पद्धत असावी असं धोरण ठरलं. समितीपुढे गेलं, मंजूर झालं. यात कोणा एकाचा हात नसतो. सुरुवातीला थोडा त्रास होतो, मग लोकांच्या अंगवळणी पडतं. तू तिथे फार आवाज करू नकोस, एवढंच सांगतो. मी याच खात्यात आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे.

घरी सगळे मजेत. धाकटीला अजून नीट बोलता येत नाही, पण भांडता येतं. तुझ्यावर गेली आहे.

आणि एक विनंती. पाकिटावर शेपूट लिहीत जाऊ नकोस. लहानपणी तुझ्या मागे मागे फिरायचो हे खरं, पण इथलं टपाल शिपाई वाटतो आणि आता सगळा मजला मला त्याच नावाने ओळखतो.

तुझ्या आशीर्वादाची आणि जमल्यास थोड्या शांतपणाची वाट पाहणारा,

तुझा भाऊ


९ तारीख, शनिवार

चि. शेपटास,

पाकिटावर तुझं नाव नीट लिहिलंय, बघ. आत मी काय म्हणेन तो माझा प्रश्न.

मोडलेल्या हाडाला मलम पाठवणारा तूच. जाऊबाईला एवढं दुखत असताना हसू आवरेना. मलम परत पाठवते आहे, तुमच्या धोरणाला लाव.

ठरलं, गेलं, झालं. हे सगळं काय वाऱ्याने केलं? मी विचारत फिरले. खिडकीवाला म्हणाला, वरून आलंय. वरचा साहेब म्हणाला, समितीने केलं. समितीतल्या एका बाईंना घरी जाऊन भेटले. बाई चांगल्या होत्या, बसायला खुर्ची दिली आणि म्हणाल्या की कचेरीने तयार करून पुढे ठेवलं ते आम्ही मंजूर केलं. म्हणजे फिरून कचेरी. म्हणजे फिरून तुझाच मजला.

आणि काल दारावर नोटीस लागली. धुलाईघराचा वापर निम्म्यावर आला आहे, सबब पुढच्या महिन्यापासून बंद. कोणाची हरकत असेल तर शुक्रवारी, २२ तारखेला सुनावणी. अरे, वापर कुठे कमी झाला? चादरी तेवढ्याच, पाणी तेवढंच, हौद सगळे भरलेले. निम्म्या बायका बाहेर कट्ट्यावर बसल्यात एवढंच. आधी आम्हाला बाहेर बसवलं आणि आता म्हणता आत कोणी येत नाही. धुलाईघर गेलं की दवाखाना काम यंत्रवाल्याला देणार आणि आम्ही सगळ्या घरी बसणार.

पोहणारा एकटा पोहतो. चादर एकटीने पिळत नाही, हे मी तुला सांगायचं? शाळेतून आलास की पालथ्या बादलीवर उभा राहून दुसरं टोक तूच धरायचास. मी एकीकडे पीळ घालायचे, तू दुसरीकडे, आणि सगळं पाणी तुझ्या चड्डीत. तरी टोक सोडायचा नाहीस.

दरडोईची ती ओळ ज्याने लिहिली त्याचं नाव मला हवंय.

उत्तर पाठव, औषध नको. बाकी माया आहे तशीच.

अक्का


१३ तारीख, बुधवार

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

हे पत्र घरून लिहितो आहे. वाचून झालं की फाडून टाक.

ओळ मी लिहिली.

साहेबांना संध्याकाळपर्यंत मसुदा हवा होता. तलावाचा नियम तयार होता. त्यातला तलाव खोडून मी धुलाईघर घातलं. वरच्या सगळ्यांनी सह्या केल्या. त्यातल्या एकानेही धुलाईघर आतून पाहिलेलं नाही. त्या वेळी मला चादरी आठवल्याच नाहीत, असं लिहिणार होतो. पण आठवल्या होत्या. बादलीसुद्धा आठवली. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायची आमच्याकडे रीत नाही.

आता बंद करण्याचा अहवालही माझ्याच टेबलावर आला आहे. दारावर मोजलेली माणसं खरोखर निम्मी आहेत, अक्का, तिथेच तर सगळं अडतं. सुनावणीला मी मागच्या रांगेत फाइल घेऊन बसणार. तिथे उठून बोललो तर साहेब मला कुठल्या तरी कोपऱ्यात बदलीवर टाकतील. थोरलीची शाळा, हिची नोकरी, सगळंच विस्कटेल.

तू जरूर बोल. फक्त माझं नाव घेऊ नकोस. जाऊबाईंचा दंड मी रद्द करून देतो. यंत्रवाला ओळखीचा आहे, तुम्हा दोघींना त्याच्याकडे कामाला लावून देतो. हे मात्र नक्की करतो.

रागावू नकोस, हे कोणत्या तोंडाने लिहू? तरी लोभ राहू दे.

तुझा,
शेपूट


१५ तारीख, शुक्रवार

चि. भाऊ यास,

पत्र फाडलेलं नाही. कोणाला दाखवलंही नाही. जाऊबाईला तेवढं वाचून दाखवलं, कारण मनगट तिचं आहे. ती बराच वेळ प्लास्टरवरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, “पोराने खरं लिहिलं गं, पण दार लावून.”

दंड रद्द करायला नको आणि यंत्रवाल्याकडे चिकटवायलाही नको. आम्ही दोघी लागू कामाला, बाकीच्या बायकांचं काय? त्यांचे भाऊ कचेरीत नाहीत.

तुला शिव्या द्यायला बसले होते, पण तुझ्या पोरींचं तोंड डोळ्यांपुढे येत राहिलं. बदली झाली तर झळ त्यांना बसेल, हे मला कळत नाही असं समजू नकोस. इथेही घरं आहेत, तिथेही पोरी आहेत. त्यामुळे रडगाणं दोघांनीही गायचं नाही.

ओळ तू लिहिलीस, पण तू एकटा नाहीस. न बघता सह्या करणारे त्या दिवशी पुढे टेबलाशी बसणार. मी विचारलं तर म्हणतील, बाई चिडली आहे, आकडे बघा. तू उठून सांगितलंस की दर असा तयार झाला, त्यामुळे निम्म्या बायका बाहेर बसल्या आणि म्हणून आकडे पडले, तर त्यांना आमच्या तोंडाकडे बघून उत्तर द्यावं लागेल. माफी मागू नकोस, भाषण करू नकोस. झालं ते झालं तसं सांग आणि दर पुन्हा हौदावर लावा म्हण. एका बाजूने मी लावलाय जोर. पण हे काही एकटीने पिळून निघायचं नाही.

तुझं नाव मी घेणार नाही, हा माझा शब्द. ते तू घ्यायचं आहेस. मी आणि जाऊबाई पुढे बसू. तू उठलास तरी मी वळून बघणार नाही, नाहीतर तुला लहानपणासारखं रडू येईल आणि मग मलाही.

आशीर्वाद या खेपेला राखून ठेवते आहे. बुधवारी, २० तारखेला, टपालवाला यायच्या वेळी मी दारात उभी असेन. लांबलचक लिहू नकोस, धोरण सांगू नकोस. शुक्रवारी उठणार की बसून राहणार, तेवढं कळव.

अक्का