तिची चिमूट

३ मार्च, सकाळी ७
उजवा हात कोपरापर्यंत टाकीत, म्हणून डाव्याने लिहितो आहे. अक्षर वाईट, निर्धार पक्का. जुन्या टूथब्रशने दगड घासले. लाल शेवाळ सायीसारखं निघतं. खाऱ्या पाण्यातल्या माशांची ही टाकी हिची, नऊ वर्षं जपलेली. हॉस्पिटलमधून येईल तेव्हा चकाचक दिसली पाहिजे. आठवडा पुरे.

४ मार्च
शेवाळ परत. आता प्रवाळांवरही. पाण्याचा दोष.

६ मार्च
मासेवाल्या दुकानदाराला टाकीचा फोटो दाखवला. म्हणाला, काका, खाणं कमी करा आणि चार दिवस पूर्ण अंधार ठेवा. खाणं कमीच आहे. हिने जाताना बजावलं होतं, रोज चिमूटभर. चिमूटभरच घालतो. आणि अंधार? ती दारातून आत येणार आणि काळोख बघणार? त्याला धंद्यातलं काही कळत नाही. त्याच्याकडूनच बारा गोगलगाई घेतल्या. शेवाळ खातात. गॅरंटी.

९ मार्च
गोगलगाई एका कोपऱ्यात जमल्या आहेत. मीटिंग असावी.
हॉस्पिटलमध्ये हिने विचारलं, पट्टेवाले कसे आहेत? म्हणजे ते दोन पट्ट्यापट्ट्यांचे मासे. साहेबाच्या केबिनबाहेर उभे असल्यासारखे असतात, म्हणून हिने ठेवलेलं नाव. ठणठणीत, म्हणालो. टाकी? आरशासारखी. म्हणाली, अहो, थाप मारताना तुम्ही कान खाजवता. डास होता.
डॉक्टर म्हणाले, बघू. बघू म्हणजे सुधारणा.

१२ मार्च
हिची धाकटी बहीण डबा घेऊन आली. मी माशांना घालत होतो. म्हणाली, भाऊजी, ही चिमूट की मूठ? चिमूटच. दोन बोटं आणि अंगठा. म्हणाली, ताईचा हात बघितलाय का कधी? बत्तीस वर्षं बघतो आहे. राग आला. जेवलो नाही. मग जेवलो.

१३ मार्च
उद्यापासून अर्धी चिमूट. आज नको, आज दोघे फार आशेने बघत होते.

१५ मार्च
हिचा हात हातात घेऊन बसलो. अंगठी सैल झाली आहे. म्हणालो, चिमूट करून दाखव. तिने बोटं जुळवली. मिठाचे चार दाणे मावले असते. टाकीत काय झालंय, तिने विचारलं. काही नाही, म्हणालो. कान खाजवला नाही. हात गुंतला होता.
डॉक्टर म्हणाले, बघू. दोनदा म्हणाले.
उद्यापासून नक्की.

२० मार्च
ती सोळाला गेली, सकाळी.
चार दिवस टाकीचा दिवा कोणी लावला नाही. पडदे बंद होते. माशांना कोणी काही घातलं नाही. आज पडदा सरकवला. शेवाळ गेलं आहे. दगड पुन्हा मूळचे जांभळे दिसतात. काच आरशासारखी.
दुकानदाराला कळवायला हवं.

२१ मार्च
सकाळी दिवा लावला. खाण्याची डबी मेहुणीच्या हातात दिली. तिची बोटं बहिणीसारखीच आहेत. तिने चिमूटभर टाकलं. पट्टेवाले वर आले.