पेन्सिल आमची, शाई त्यांची

३ मार्च १९४७, सोमवार

आज पुन्हा कपाटातून एक फाईल गायब! समुद्रबांधाच्या दुरुस्तीची. सकाळी कुलूप उघडलं तर तिची जागा रिकामी. दुपारी जेवून आलो तर जागेवर. कुलूप जसंच्या तसं. किल्ली माझ्या खिशात.

गेल्या आठवड्यात दोनदा असंच झालं. तिन्ही फायली माझ्या मसुद्यांच्या.

४ मार्च

काल बायकोला, एनिडला सांगितलं. ती मासे तळत होती. म्हणाली, “तूच कुठंतरी ठेवली असशील.” एकोणीस वर्षांत एकही फाईल मी ‘कुठंतरी’ ठेवलेली नाही — हे बोललो नाही. बोललो असतो तर तिला हसू आलं असतं.

७ मार्च, शुक्रवार

लंडनहून वेतन कमिशनर वीस तारखेला आमच्या वसाहतीत, जॉर्जटाऊनला उतरणार. सत्तावीसला आमच्या सरकारी नोकरांच्या संघाची सुनावणी. आमचं म्हणणं एका ओळीचं — काम तेच, तर पगारही तोच, माणूस विलायतेतून आलेला असो की इथं जन्मलेला. संघातर्फे पाच जण बोलणार. त्यात मी आहे, माझ्या समोरच्या टेबलावरचा रामदीन सुखदेव आहे. सुनावणी होईपर्यंत या पाचांची बदली करायची नाही, असं सरकारनं कबूल केलंय. बरं झालं. नाहीतर निम्मे आत्तापर्यंत जंगलात पोचले असते!

पण काम ‘तेच’ आहे हे दाखवायचं कसं? सचिवालयाची रीत जुनी आहे. टिपण मी पेन्सिलीनं लिहितो, खऱ्या पानावरच. टॉलिव्हरसाहेब तेच शब्द वरून शाईनं गिरवतात आणि सही करतात. मग मी उरलीसुरली पेन्सिल खोडरबरनं खोडतो. टॉलिव्हर अठ्ठावीस वर्षांचा आहे, मी चव्वेचाळीसचा. त्याच्याआधीचे पाच साहेबही असंच गिरवून गेले, दोघांना तर सरकारी किताब मिळाले.

सुखदेव मागे एकदा म्हणाला होता, “पिलग्रिम, तू मरायच्या आधी थडग्यावरचा मजकूर पेन्सिलीनं लिहून ठेव. टॉलिव्हर येऊन गिरवेल.” सगळं खातं हसलं होतं. मीही.

हल्ली तो विनोद करत नाही.

११ मार्च, मंगळवार

सुखदेवला टॉलिव्हरच्या व्हरांड्यात पाहिलं! संध्याकाळी सहाला, साहेबाच्या बंगल्यावरून सायकलनं जात होतो. दोघं समोरासमोर बसलेले. मध्ये चहा. आमच्यातला कुणी त्या व्हरांड्याच्या पायरीवर कधी बसलेला नाही, खुर्ची तर दूरच.

१२ मार्च

विचारलं, “काल संध्याकाळी कुठं होतास?”

“घरी. का रे?”

खोटं बोलला. डोळ्याला डोळा न भिडवता.

१४ मार्च, शुक्रवार

आज आणखी एक फाईल जाऊन आली. यावेळी मी जेवायला गेलोच नाही, जिन्याखाली उभा राहिलो. लाज वाटली — माझ्या वयाचा माणूस जिन्याखाली लपतोय! वीस मिनिटांनी वर गेलो. सुखदेव टेबलावर वाकलेला. मला पाहताच त्यानं पान झाकलं. टेबलावर खोडरबरचा चुरा.

आता उमजलं. फायलींमध्ये कुठं कुठं माझी पेन्सिल नीट खोडली गेलेली नसेल. एखादं टिंब, एखाद्या अक्षराचा पाय. कमिशनरनं पान उजेडात धरलं तर दिसेल. टॉलिव्हरला ते नको आहे. आणि सुखदेव ते त्याच्यासाठी खोडतोय.

का खोडतोय? तेही माहीत आहे. मुख्य लिपिकाची एकच जागा रिकामी होणार आहे. यादीत नावं दोनच — त्याचं आणि माझं.

१५ मार्च, शनिवार

रात्रभर स्वतःलाच विचारत होतो. सुखदेवच्या जागी खात्यातला गोम्स असता, हिंदुस्थानी नसलेला कुणी असता, तर इतक्या लवकर खात्री झाली असती का? माझी आई उसाच्या मळ्यावरच्या हिंदुस्थानी लोकांबद्दल जे बोलायची ते मी कधी बोललो नाही. पण ऐकलं तर होतं. ऐकलेलं कुठं जातं?

तरी चुरा मी डोळ्यांनी पाहिला.

एनिड म्हणते, “सुखू तुझ्या डोक्यात येऊन राहिलाय. जेवताना तरी त्याला बाहेर बसव.”

१८ मार्च, मंगळवार

मिस गोन्साल्व्हिसकडे गेलो. पोस्टातली, संघाची चिटणीस. कुणाची भीड न ठेवणारी बाई. सगळं सांगितलं — फायली, व्हरांडा, चुरा.

“खात्री आहे तुमची?”

“खात्री नाही. संशय आहे.”

“पिलग्रिम, सुनावणीला नऊ दिवस राहिलेत. मला संशयसुद्धा परवडत नाही.” तिनं यादी काढली आणि सुखदेवचं नाव शाईनं खोडलं. मग माझ्याकडे पाहिलं. “त्याला तुम्ही सांगता की मी सांगू?”

मी म्हणालो, “तुम्हीच सांगा.”

भित्रा!

१९ मार्च

तिनं सांगितलं. पाच वाजता सुखदेवनं टेबल आवरलं, माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मी फाईल वाचत होतो. वाचतच राहिलो. तो निघून गेला.

२१ मार्च, शुक्रवार

सुखदेवची बदली. माबारूमाला, वायव्य जिल्ह्यात, मंगळवारच्या आगबोटीनं. यादीतून नाव गेलं, त्याबरोबर बदलीतून मिळालेली सूटही गेली — हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खरंच आलं नव्हतं का? प्रामाणिकपणे लिहायचं तर — माहीत नाही.

पण टॉलिव्हरनं आपल्याच माणसाला का पाठवावं? काम झालं असेल. आता तो इथं नसलेलाच बरा.

२३ मार्च, रविवार

चर्चमधून आलो तर सुखदेव फाटकाशी सायकल टेकवत होता. मी आत शिरलो. एनिडला म्हणालो, “मी घरी नाही म्हणून सांग.”

“तू तर समोर दिसतोयस त्याला!”

“तरी सांग.”

तिनं सांगितलं. खिडकीच्या लाकडी पट्ट्यांआडून ऐकत होतो. तो म्हणाला, “असू दे वहिनी. त्याला म्हणावं, सुनावणीच्या आधी मला भेट. आधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर हा नियमावली काढून बसला असता.” थोडं थांबून म्हणाला, “मंगळवारी सकाळी धक्क्यावर आला तरी चालेल.”

एनिडनं दार लावलं. जेवणात मिरचीचा रस्सा होता. मी एकट्यानं खाल्ला.

२५ मार्च, मंगळवार

धक्क्यावर गेलो नाही. माफी मागायला बोलावलं असणार. नाहीतर मलाच फितवायला.

२७ मार्च, गुरुवार

सुनावणी झाली. कमिशनर म्हातारा, सभ्य, सर्दीनं बेजार. टेबलावर आमच्या खात्याच्या नऊ फायली. त्यानं सगळ्यांत वरची उचलली. समुद्रबांधाची!

“मिस्टर पिलग्रिम, हे टिपण उत्तम आहे. कुणाचं?”

“मजकूर माझा आहे, साहेब.”

“अक्षर तर मिस्टर टॉलिव्हरचं दिसतं.”

“ते माझ्या पेन्सिलीवरून गिरवतात.”

“मग ती पेन्सिल कुठं आहे?”

“खोडतात.”

“कोण?”

“मीच, साहेब.”

मागे कुणीतरी हसलं. त्यानं पान उजेडात धरलं, तिरकं करून पाहिलं. काही दिसलं नाही. सुखदेवचं काम चोख! मग अगदी मऊ आवाजात विचारलं, “तुमचा शब्द सोडून दुसरा काही पुरावा? कुणी साक्षीदार?”

खोटं बोलवेना. म्हणालो, “नाही.”

त्यानं फाईल मिटली, नाक पुसलं आणि काहीतरी लिहिलं.

बाहेर आल्यावर मिस गोन्साल्व्हिस म्हणाली, “एकदा तरी ‘आहे’ म्हणायचं होतंत हो! पुढचं मी बघितलं असतं.”

७ एप्रिल

ईस्टरचा सोमवार. सगळं शहर समुद्राच्या बांधावर पतंग उडवत होतं. सुखदेव दरवर्षी आमच्यासाठी एक बनवून आणायचा.

९ जुलै, बुधवार

अहवाल आला. ‘स्थानिक लिपिकवर्गाचं काम मुख्यतः नक्कल करणं व कागद सांभाळणं असं दिसतं. टिपणांचं लेखन ते करतात, या दाव्याला आधार सादर झाला नाही.’ श्रेणी वेगळ्याच राहणार. विलायतेहून आलेल्यांना वाढ. आम्हाला पावसाळी कोट.

खरंच. पावसाळी कोट!

१० जुलै, गुरुवार

टॉलिव्हर आज खुशीत होता. माझ्याशी दोन वाक्यं जास्त बोलला. “सुखदेव गेला आणि माझी हिंदुस्थानी मागे पडली, पिलग्रिम. परीक्षा झाली असती तर भाषेचा भत्ता मिळाला असता. काय विचित्र माणूस! शिकवायचे पैसे घेईना. कुणाला कळू द्यायचं नाही, हीच अट. आणि जेवणाच्या सुट्टीत तुमच्या कपाटांची जादा किल्ली तेवढी मागायचा.”

“कशाला, साहेब?”

“मी विचारलं नाही. म्हणायचा, जुनं काम नीट लावून ठेवायचंय. माबारूमाला पाठवणं माझ्या हातात नव्हतं हो, ते वरून आलं.”

जागेवर येऊन बसलो. कपाटाकडे बघत राहिलो. उघडलं नाही.

११ जुलै, शुक्रवार

उघडलं.

टिपणाच्या जाड पानाची मागची बाजू कोरी ठेवायची, असा नियम आहे. म्हणून ती कुणी उलटून पाहत नाही. मी एकोणीस वर्षांत पाहिलेली नाही. आज समुद्रबांधाच्या फाईलचं पान उलटलं. खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढं, सुखदेवचं अक्षर. आधीची पेन्सिल खोडल्याची खूण आहे, तिच्यावर शाईनं लिहिलंय. खोडता येऊ नये म्हणून. ‘मसुदा ऑब्री पिलग्रिम यांचा. मी लिहिताना पाहिला. — रा. सुखदेव.’ आणि तारीख.

हीच फाईल सुनावणीच्या दिवशी टेबलावर होती. हेच पान कमिशनरनं उजेडात धरलं होतं. समोरून.

१२ जुलै, शनिवार

एकतीस फायली उलटून पाहिल्या. माझ्या प्रत्येक मसुद्यामागे आहे. मग त्याच्या टेबलाचं कपाट उघडलं. त्याच्या स्वतःच्या मसुद्यांची मागची बाजू कोरी आहे. ते मी लिहायचं होतं.