दादाच्या गाडीचा ब्रेक कुणाकुणाकडे गेला

ती. दाजींना साष्टांग नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला आता उतार असेल. ताईचं रडणं थांबलं असेल तर तिला हे पत्र वाचून दाखवा, नसेल तर राहू द्या. इकडे वहिनी आणि मी ठीक आहोत, म्हणजे जेवतो आणि झोपतो. पत्र जरा लांबणार आहे. फोनवर मला दोन वाक्यांपुढे जाता येत नाही, हे तुम्ही जाणताच.

दादा गेला तेव्हा त्याची जुनी गाडी ठोकळ्यांवर उभी होती, ती तुम्ही पाहिलीच. पुढच्या उजव्या चाकाचा डिस्क ब्रेक त्याने सोडवून ठेवला होता. (सोडवायला एक सकाळ लागली. परत बसवायला बरीच वर्षं मिळाली, ती पुरली नाहीत.) आता त्याच्या मुलाने तिकडून गाडीला गिऱ्हाईक शोधलं आहे. गाडी स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर पडली तरच तो माणूस घेणार, आणि भंगारात द्यायला वहिनी तयार नाही. गाडी गेली की घराला कुलूप, आणि वहिनी मुलाकडे. तो मला म्हणाला, "काका, फक्त ब्रेक तेवढा बसवून घ्या." फक्त म्हणे! मी जन्मभर विमा कचेरीत अपघाताचे कागद तपासले. ब्रेक लागला नाही म्हणजे काय होतं ते मला सविस्तर माहीत आहे. ब्रेक दिसतो कसा, ते माहीत नव्हतं.

दादाचं चित्रांचं पुस्तक घेऊन मी गॅरेजमध्ये बसलो. चित्रात सगळे भाग स्वच्छ आणि सुटे सुटे असतात, डब्यात सगळेच काळे. त्यातून एक दातेरी चकती निवडली, दुपारभर रॉकेलने घासली आणि मेकॅनिकला दाखवायला नेली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली. म्हणाला, "काका, हा मिक्सरचा कपलर आहे. हा लावलात तर गाडी थांबायची नाही, पण वाटण छान होईल." मग त्याने मला एका चालत्या गाडीचं चाक काढून सगळं बोट लावून दाखवलं. चाकाबरोबर फिरते ती लोखंडी तबकडी, म्हणजे डिस्क. तिला चिमट्यासारखा धरतो तो वजनदार कॅलिपर. त्याच्या पोटात पेल्यासारखे दोन पिस्टन. ते पॅडना, म्हणजे दोन बाजूंच्या घासपट्ट्यांना ढकलतात, पॅड तबकडीला आवळतात, गाडी थांबते. एवढं साधं आहे.

हे सगळं मी पाहिलं होतं. दिवसकार्य उरकल्यावर वहिनीने टेबलावर ताट ठेवलं होतं ना, 'त्यांची आठवण म्हणून एकेक न्या' म्हणून? आपण सगळ्यांनी डोळे पुसत एकेक चकचकीत वस्तू उचलली, आणि हे काय आहे असं विचारायची एकालाही हिंमत झाली नाही. दाजी, आपण उजव्या बाजूचा ब्रेक घरोघर वाटून घेतला.

मग मी फिरलो. चुलतबहिणीने तबकडीचं घड्याळ करून सोफ्याच्या वर भिंतीला टांगलं आहे. (मधोमध भोक होतंच, घड्याळवाल्याला काही करावंच लागलं नाही.) तिचा नवरा म्हणाला, अशी वस्तू बाजारात मिळत नाही. मी म्हटलं, मिळत नाही म्हणूनच आलोय. आत्या रात्री पिस्टनमध्ये दात ठेवते. भाच्याने माझ्यासाठी घडवलेला पेला, असं ती येईल त्याला सांगते. मी तिच्यासाठी नवा स्टीलचा पेला नेला होता. तिने तो तोंड न उघडता घेतला, कारण दात पहिल्यात होते. दुसरा पिस्टन दादाच्या न्हाव्याकडे. तो त्यात दाढीचा ब्रश ठेवत होता. त्याने ब्रश काढला, पिस्टन धुऊन माझ्या हातात दिला, आणि मला खुर्चीत बसवून न विचारता माझी दाढी केली. दादा गेल्यापासूनची होती. पॅड शेजाऱ्यांच्या दाराखाली पाचरीसारखे लावलेले होते, ते लगेच मिळाले. दार आता दिवसभर आपटतं.

तुमची खुशाली कळवा. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. : कॅलिपर तुमच्याकडे आहे. ताईने बाल्कनीचा फोटो पाठवला होता, त्यात कुंडी ज्याच्यावर टेकवली आहे तोच तो. पितळी नळ्या आहेत, सांभाळून बांधा आणि लगेच पाठवा. बाकी सगळं जमलं आहे.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवत होतो तेव्हा वहिनी चहा घेऊन आली. पत्र कुणाला, म्हणून विचारलं. तुमचं नाव ऐकताच म्हणाली, "ते पाठवतील हो लगेच. त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही." मग बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला आणि म्हणाली, "ब्रेक नसलेली गाडी कुठे जाते का, भाऊजी?"

दाजी, इतकी वर्षं दादा गाडीखाली असताना बॅटरी धरून तीच बसायची. ताटात काय ठेवलं ते तिला नावानिशी ठाऊक होतं. सगळ्यांत जड भाग तिने स्वतः उचलून तुमच्या हातात दिला, सगळ्यांत लांबच्या घरी जावा म्हणून. आणि मी तिच्यासमोर रोज एकेक भाग आणून टेबलावर मांडत होतो, शाबासकीच्या आशेने.

वरचं फाडून नवीन लिहायचं त्राण नाही, म्हणून तसंच धाडतो. कॅलिपर पाठवू नका. पुतण्याचा फोन आला तर सापडत नाही म्हणा. खोटं बोलणं जमत नसेल तर फोन ताईकडे द्या, आणि तिला मात्र खरं काय ते सांगा.