शाळेखालच्या दहा गुंठ्यांबाबत

मी, जोतीराम हणमंत उबाळे, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा शेती, राहणार उबाळे वस्ती, तालुका माढा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, गुडघे तेवढे ऐकत नाहीत. कोणाची जबरदस्ती नाही. उलट मुलगा नको नको म्हणत असताना लिहितो आहे.

१. वस्तीवरचे घर, विहीर आणि बागायत चिरंजीव शिवराज याला. सोलापूरच्या नवी पेठेतले कापडदुकान त्याने स्वतः उभे केले, त्यात माझे काही नाही. म्हशी त्याने विकू नयेत. विकणार हे मला माहीत आहे, तरी लिहिले.

२. माझी पत्नी कै. बजाबाई हिच्या पाटल्या शिवराजची मुलगी, माझी नात अंकिता हिला. ही पोर दुसरीपर्यंत आमच्या वस्तीशाळेत होती. सरकारी चाचणीत शाळेला ‘ड’ श्रेणी आली आणि शिवराजने तिला सोलापूरच्या इंग्रजी शाळेत घातले. मी अडवले नाही. शाळेला जागा देणाऱ्याचीच नात गेली म्हटल्यावर बाकीचे कशाला थांबतील? वर्षागणिक पट घटत गेला. त्याची मला फार खंत आहे.

३. ती ‘ड’ कशी आली ते कागदावर कुठेच नाही, म्हणून लिहितो. गावातल्या मोठ्या शाळेला वर्गणीतून संगणक, फरशी, रंग मिळाला. आमच्या वस्तीवर वर्गणी देणार कोण? आमचे पत्रे गळत होते. प्रश्नपत्रिका मात्र दोन्ही शाळांना एकच. त्यात चाचणीच्याच आठवड्यात ऊसतोडीची टोळी आली. मोठ्या शाळेने त्यांची पोरे दारातून परत पाठवली. आमच्या शाळेच्या शिक्षिका बुद्धप्रियाबाईंनी घेतली, म्हणजे चाचणीत त्यांचेही गुण धरले जाणार. मी तावातावाने गेलो. म्हणालो, “बाई, चाचणी तर हुंद्या, मग घ्या की ती पोरं. शाळेचं नाव जाईल.”

बाई म्हणाल्या, “आबा, मग तोवर त्यांनी कुठं बसायचं?”

मी रागारागाने तसाच माघारी आलो. पुढे वर्षभर त्यांच्याशी बोललो नाही. आज बदलीच्या गावाहून त्या साक्षीला आल्या आहेत आणि चहासुद्धा त्यांनीच मला आणून दिला.

४. शाळेखालची दहा गुंठे जमीन मी बक्षीसपत्राने दिली होती. शाळा बंद पडल्यास ती मला किंवा माझ्या वारसाला परत मिळावी, अशी त्यात अट आहे. आता शाळा बंद होणार असे ऐकतो. शिवराज म्हणतो, “आबा, रस्त्याकडंची जागा हाय, गोडाऊन टाकू.” तर जागा परत आलीच, तर ती शिवराजला न जाता अंकिताला मिळावी. ती आता सज्ञान आहे. तिला विचारले, सांभाळशील का. म्हणाली, “व्हय आबा, पण शाळाच राहू दे की.”

हे कलम अमलात येऊ नये, हीच माझी इच्छा. आलेच, तर अंकिताने तिथे गोडाऊन होऊ देऊ नये. पत्रे नवे घालावेत. ऊस सुरू झाला की टोळीची पोरे येतील, त्यांना आत बसू द्यावे, चाचणीचा आठवडा असला तरी.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही केली.

सही: जोतीराम हणमंत उबाळे

आमच्यासमोर सही केली. साक्षीदार:
१. बुद्धप्रिया सरवदे, शिक्षिका
२. उदयसिंह परदेशी, वकील

सोलापूर, दिनांक ९ जानेवारी २०२६