आमच्या कपाटातला सर्व्हर

ती. अजिनाथराव यांस,

धाकटा साडू सहादेव याचा नमस्कार. मुक्ताताईंचा गुडघा आता जिना चढू देतो का? आमच्याकडे माणसं कुशल आहेत. पत्राचं कारण तुमचा डबा.

मागच्या रविवारी तुम्ही भिंगारहून येऊन शाळेच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरचा स्क्रीन, कीबोर्ड काढलात आणि उरलेला डबा प्रिंटरशेजारच्या कपाटात बसवलात. आता मुख्याध्यापक, परीक्षा विभाग आणि मी कारकून, तिघांचे कागद आपापल्या टेबलावरून त्याच्याकडे जातात आणि तो ओळीने एकाच प्रिंटरवर छापतो. काम चोख आहे, हे देवाला स्मरून लिहितो. पण ज्याला तोंड नाही आणि जो सगळ्यांचे कागद सगळ्यांच्या आधी पाहतो, त्याच्यावर विश्वास किती ठेवावा? (कपाटाला मी कुलूप आणलं आहे. डबा तापेल म्हणून दार मात्र उघडंच ठेवावं लागतं.)

खरी चूक तुमच्या एका शब्दाची. जाताना तुम्ही आमच्या शिपायाला, मच्छिंद्रला, सांगितलंत, 'हा आता सर्व्हर.' अहो, आमच्या गावाला सर्व्हर एकच माहीत आहे, जो डाऊन असतो तो. सातबारा मागा, रेशनला अंगठा लावा, पीकविमा भरा, उत्तर तेच. चार वर्षं गाव त्याला शोधत होतं. तो शाळेत, माझ्या कपाटात सापडला!

सोमवारी सकाळीच छगनअण्णा रेशनकार्ड घेऊन हजर. 'भाऊसाहेब, लई दिस दाबून ठिवला की! आता सोडा थोडा.' मी समजावलं की हा फक्त कागद छापतो. तर म्हणाले, 'मंग सातबारा काय पत्र्यावर छापत्यात व्हय?' (याला उत्तर असेल तर कळवा.)

इथवर हसून सोडलं असतं. पण मारुतीच्या देवळात संध्याकाळी मी बावीस वर्षं पोथी वाचतो. चाळीस माणसं बसायची. आता तीन बसतात. एक गुरव, एक ठार बहिरा आणि तिसरा मच्छिंद्र (तो कशाला येतो, याचाच मला संशय आहे). ज्यांच्या पोरांचे दाखले मी हाताने लिहिले, तीच माणसं मला सर्व्हर दाबणारा समजतात आणि रस्ता बदलतात. रिकाम्या सतरंजीपुढे पोथी वाचवत नाही, अजिनाथराव. रविवारी समाप्ती आहे. त्याआधी येऊन डबा न्या, ही हात जोडून विनंती.

आपला,
सहादेव

ता.क. (हाताने लिहितो.) हे पत्र छापायला दिलं, ते निघेना, म्हणून आणखी दोनदा दिलं. कागदच संपला होता. मच्छिंद्रने कागद घातला आणि तिन्ही प्रती वाचून आणून दिल्या. म्हणाला, 'तिन्हीत माझ्यावर संशय हाय, भाऊसाहेब. एकात तरी कमी करायचा.' चौथी निघू नये म्हणून मी डबा बंद करून पुन्हा चालू केला.

दुसरा ता.क. डबा चालू केला आणि पाचच मिनिटांत रेशन दुकानात अंगठे लागू लागले. मच्छिंद्रने दोन्ही गोष्टी जोडून गावभर सांगितल्या. हा योगायोग आहे, असं मी सर्वांना सांगितलं, पण फार मोठ्याने नाही. संध्याकाळी पोथीला साठ माणसं होती. तेव्हा डबा राहू द्या. फक्त खाजगीत एवढं कळवा. आमच्या आईचा अंगठा दीड वर्षापासून लागत नाही. त्यासाठी डबा किती वेळा बंद-चालू करावा?